पेशवाईतल्या वाड्यात दोघांनी बोलायचं कुठं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. सतराव्या प्रकरणावर सहा आठवडे अडकून बसले आहे, म्हणून हा धागा.

नव्या सदस्यांसाठी थोडक्यात: मी ऐतिहासिक प्रेमकथा लिहिते. दोन कादंबऱ्या छापून झाल्या, तिसरी चालू आहे. दिवसा एका सीएंच्या ऑफिसात लोकांच्या खतावण्या जुळवते. लिखाण पहाटे साडेचार ते सात, डबे करायची वेळ होईपर्यंत. शनिवारी दुपारी सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक). राहायला इंदिरानगर, पण गेली सात वर्षं जीव दहीपूल ते सरकारवाडा एवढ्याच पट्ट्यात फिरतोय.

"ऐतिहासिक कादंबरी लिहिते" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुणावर?" म्हणजे कुठला पेशवा, कुठली राणी. कुणावरच नाही म्हटलं की समोरचा चेहरा पडतो. पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध निरोपात दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं आहे ना? मोत्यांवर आणि मोहरांवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. माझी माणसं खुर्द्यातली.

तर गोष्ट अशी. नाशकातला एक कारकून १७६०ला भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेला. लग्न लहानपणीच झालेलं, पण बायको नांदायला यायच्या आधीच तो गेला. पानिपतावरून तो परतला नाही आणि मेल्याची खबरही नाही. त्यामुळे तिचं कुंकू कायम, आणि ती सासरी राहते. १७६८च्या जूनमध्ये, तिकडे धोडपला माधवराव आणि राघोबादादांची लढाई होतेय त्याच दिवसांत, हा दारात उभा. ती आता एकवीस-बावीसची. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

आता या दोघांनी प्रेमात पडायचं म्हणजे आधी बोलायला हवं. आणि बोलायला जागाच नाही! घरात अठ्ठावीस माणसं. ओसरीवर सासरे आणि येणारे-जाणारे. माजघरात सासू, दोन जावा, विधवा आत्या. दिवसाउजेडी मोठ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. रात्री माडीवर पाठवता येईल, पण मला ते नकोय. खोलीत ढकलल्यावर जे होतं ते नंतर. आधी चोरून दोन वाक्यं हवीत. आडावर गडीमाणसं, परसात गोठा आणि गोठ्यात गुराखी, देवघरात सोवळं. महिन्यातले तीन दिवस ती बाजूला बसलेली, तेव्हा तर सावलीही नको.

जुन्या नाशकात वाड्यात वाढलेलं कुणी आहे का इथे? तुमच्या घरात दोन माणसं नजर चुकवून कुठे बोलायची?

सिडकोकर

ताई, गच्चीवर पाठवा. हिंदी सिनेमात तेच करतात. 😀

गोदाकाठची

उतरती कौलं आहेत दादा, घसरतील.

तांबटआळी

गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) पाठवा की. धुणं, पाणी, दर्शन, बायकांना बाहेर पडायला तेवढंच निमित्त असायचं. तो पंचवटीच्या बाजूनं येईल, ही गावातून जाईल.

गोदाकाठची

काका, या सल्ल्यानं एकदा पोळलेय. पहिल्या कादंबरीच्या खर्ड्यात माझी नायिका पुलावरून पंचवटीत गेली होती. रोज होळकर पुलावरून जातो ना आपण, तो पूल जणू राम-सीतेपासून तिथंच आहे असं डोक्यात बसलेलं. पूल १८९५चा! त्याआधी पाणी कमी असेल तर उतारातून पायी, नाहीतर नावेतून. आपल्या 'नाव दरवाजा' या नावाकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

गंगेवर जायचं तर आधी १७६८ची गंगा उभी करावी लागते. नारोशंकराचं देऊळ आहे, ते १७४७चं. वसईची घंटा आहे. सुंदरनारायण आहे, १७५६चं. पण आजचं काळाराम मंदिर नाही, ते ओढेकरांनी त्या शतकाच्या अखेरीला बांधलं. गंगापूरचं धरण नाही, म्हणजे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नदी दोन वेगळ्या नद्या वाटतील इतका फरक. आज पुराचं माप सांगणारा दुतोंड्या मारुतीही तेव्हा नाही. म्हणून माझं पूर आलेलं प्रकरण अजून कोरडंच आहे. पाणी कुठवर आलं हे सांगायला मला मारुती नको, दुसरं काहीतरी हवं.

आणि बायका गंगेवर एकट्या जात नसत. बरोबर आत्या असतेच.

कोसाकोस

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. इतिहासात हे प्रेमबीम घुसडायची गरजच काय? आधीच लोक कादंबरीलाच इतिहास समजतात. मस्तानीचं काय करून ठेवलंय ते बघतोच आपण. इतिहास लिहायचा तर कागद काढा, नाहीतर सरळ काल्पनिक म्हणा.

मधली_सुट्टी

+१. पण कोसाकोस, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात ती 'मोचनगड', १८७१ची. त्यातही माणसं काल्पनिकच आहेत. म्हणजे खुर्द्याची वाट जुनीच आहे.

गोदाकाठची

कोसाकोस, राग नाही. तुमच्या अर्ध्या म्हणण्याशी मी सहमतच आहे. माझा एक नियम आहे: जी माणसं खरंच होऊन गेली त्यांच्या मनात मी शिरत नाही आणि त्यांच्या तोंडी प्रेमाचे संवाद घालत नाही. गोपिकाबाई गंगापूरला येऊन राहिल्या, आनंदवल्ली आनंदीबाईंच्या नावाची, हे सगळं माझ्या पुस्तकात आहे. पण ही मंडळी पालखीतून लांबून जातात. माझी नायिका फक्त भोयांचे पाय बघते.

प्रकाशकांना नेमका हाच नियम नको असतो. पुण्यातल्या एकांनी (नाव नको) दुसरी कादंबरी परत पाठवताना लिहिलं होतं, "यात एखादा पेशवा घालता येईल का? निदान मुखपृष्ठापुरता?"

आणि कागद काढतेच हो. दोन वर्षं मोडी शिकले. पहिले सहा महिने फक्त शब्द तोडण्यात गेले. आधी पानभर रेघ, मग तिला लटकलेली अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. गंमत म्हणजे मला सगळ्यात जास्त सापडलं ते मसलतीच्या पत्रांत नाही. ते हिशेबात सापडलं. रोजकीर्द उघडली की कासाराला काय दिलं, तेल किती, हळद किती, कुणाच्या ओटीला खण काय भावाचा. खुर्द्यातल्या बाईचं नाव कागदावर आलंच तर ते खर्चाच्या बाजूला येतं. मी हिशेबनीस असल्यानं असेल, पण मला त्या रकान्यात माणसं दिसतात. छापील मजकुरात माझा आधार म्हणजे पेशव्यांच्या रोजनिशीतले निवडक उतारे, पेशवे दफ्तराचे सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंड आणि १८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर. गॅझेटियर शंभर वर्षं उशिराचं आहे हे मात्र वाचताना विसरायचं नाही.

मोडीवेडा

ताई, हिशेबाचं निघालंच आहे म्हणून. तुमच्या दुसऱ्या पुस्तकात पृष्ठ ९४वर नायकाचं पत्र आहे, श्रावण शके १६८५. त्यावर तुम्ही 'सुहूर सन सलास सितैन' (मराठेशाहीच्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष) घातलंय. चूक. मृग लागला की सुहूर सन बदलतो. श्रावणात अर्बा सितैन सुरू झालेलं असणार. सलास सितैन मया व अलफ म्हणजे ११६३, तो १७६३च्या मृगाला संपला.

गोदाकाठची

😖 बरोबर. ११६४ हवं. शकात ७८ मिळवायचे आणि सुहूरमध्ये ५९९, एवढंच गिरवलं आणि मृगाचा सांधा विसरले. तिसऱ्या पुस्तकात त्याच नायकाचा चुलता येतोय, त्याच्या तोंडी घालते, "पोरगं सन चुकलं." चूक घरातच जिरवते. 😀

नवीन_पाटी

ताई, मी पण लिहायला सुरुवात केलीय (शिवकाल). दोन प्रश्न. भाषा कुठली वापरायची? आणि यावर पोट भरतं का? खरं सांगा.

गोदाकाठची

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, आधी ते. नाही.

हिशेब देते, लपवण्यासारखं काही नाही. दुसरी कादंबरी: आवृत्ती १००० प्रतींची, किंमत ३५० रुपये, मानधन १० टक्के, तेही विकल्या गेलेल्या प्रतींवर. पहिल्या वर्षी ४१२ गेल्या. म्हणजे १४,४२० रुपये. पुण्याच्या खेपा, झेरॉक्स आणि संदर्भाची पुस्तकं यांवर मी २६ हजारांच्या वर खर्च केला होता. लिहायला लागली तीन वर्षं. ऑफिसातले साहेब म्हणाले, हा धंदा आपल्या अशिलानं दाखवला असता तर मी त्याला बंद करायला सांगितला असता.

दिवाळी अंकांची कथा लवकर लिहून होते, पण ती मे-जूनमध्ये मागतात. भर उन्हाळ्यात बसून थंडीतली अभ्यंगस्नानं लिहायची.

वर आणखी कामं. मी युनिकोडमध्ये टाइप करते, प्रकाशकांकडे श्रीलिपी. या फॉन्टचं त्या फॉन्टमध्ये करताना 'ऱ्या' कुठंतरी गळतो आणि 'दुसऱ्या'चं 'दुसया' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वायावर'. ३१२ पानांत मी हाताने दोनशेवर 'ऱ्या' परत बसवले. मुखपृष्ठावर कारकुनाची बायको मोरांच्या भरजरी पैठणीत. मी म्हटलं, अहो, हिच्याकडे दोनच लुगडी आहेत, चौथ्या प्रकरणात एक फाटतं. उत्तर आलं, "फाटकं लुगडं प्रदर्शनात उचललं जात नाही ताई." (खरंय तेही. पैठणीला लोकांनी हात घातला.)

आता भाषा. हा माझा आवडता विषय, तेव्हा लांबण लागेल.

"मी तुझ्यावर प्रेम करतो" हे वाक्य १७६८च्या नाशकात कुणी म्हणणार नाही. ते मराठीच वाटत नाही मला, आजही. प्रेम काय करायची गोष्ट आहे? मग ते काय म्हणत असतील? पत्राच्या शेवटी 'लोभ असो द्यावा' येतं, ते सगळ्यांनाच लिहितात. माया आहे, जीव लागणं आहे, ओढ आहे. लावणीत तर भांडारच आहे, आणि ते आपल्या अंगणात. अनंत फंदी संगमनेरचे, शाहीर परशराम सिन्नरजवळच्या बावीचे. पण लावणीतली बाई जे बोलते ते वाड्यातली सून बोलणार नाही, म्हणून तिथून शब्द घ्यायचे आणि धिटाई ठेवून द्यायची. दुसरी खाण जात्यावरच्या ओव्यांची. त्यात भाऊ, आई, पंढरी उदंड. नवरा आला तर तो बहुधा आडून येतो.

आणि आडून बोलणं हीच खरी गंमत आहे. नाव घ्यायचं नाही. 'तू' म्हणायचं नाही. 'तुम्ही'सुद्धा जड. मग "इकडून जेवण झालं का?", "तिकडे निघायचं कधी ठरतंय?" अख्खं वाक्य कर्त्याशिवाय. मला आधी वाटायचं ही अडचण आहे. आता वाटतं, ज्या भाषेत समोरच्या माणसाला 'इकडे' असं दिशेच्या नावानं हाक मारतात, तिच्यात प्रेमकथा लिहायला आणखी काय हवं?

माझी नायिका पंधराव्या प्रकरणापर्यंत त्याला 'तिकडून' म्हणते. सोळाव्यात पहिल्यांदा चुकून 'इकडून' निघतं. तेवढंच घडतं त्या प्रकरणात. आमच्या ह्यांनी वाचलं आणि विचारलं, "पुढे?"

सिडकोकर

ह्यांनी 😂😂 ताई, तुम्ही पण!

मधली_सुट्टी

आठ वर्षांनी अचानक परत आलेला नवरा म्हणजे तोतया तर नाही ना? भाऊसाहेबांचा तोतया त्याच काळातला.

गोदाकाठची

पान २१० पर्यंत कळ काढा.

पण नस बरोबर पकडलीत. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेल्याचं शेवटपर्यंत मानलं नाही, हे सगळ्या गावांत पोचलेलं असणार. पानिपतानंतर कितीतरी घरांत ओसरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हाच प्रश्न पडला असेल. सासूला खूण माहीत असते, भावांना आठवणी असतात. बायकोकडे काय? लग्नात अंतरपाटापलीकडे बघितलेलं एक पोरगं. तो खरा की खोटा हे तिला सोडून घरातल्या सगळ्यांना ठरवता येतं. म्हणून तिला त्याच्याशी बोलायचंय! आणि म्हणून मला ती जागा हवीय हो, कुणीतरी सांगा.

स्वयंपाकघरातून

मी वाचक आहे, लेखिका नाही. एवढंच सांगते, मागच्या पुस्तकात एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती हे बघून फार बरं वाटलं. टीव्हीवर सगळे पेशवे खिचडी खातात.

गोदाकाठची

पहिल्या खर्ड्यात होती. 🙈 नंतर कळलं, सेलमकडचा साबुदाण्याचा कारखानदारी धंदाच १९४०च्या दशकातला. बटाटा काढला. मग वऱ्याचे तांदूळ आणि शिंगाडा राहिले. चहा काढताना सगळ्यात त्रास झाला, कारण माझी पात्रं गप्पा मारायला बसली की मला आपोआप कप दिसतात. काडेपेटी काढली. दिवा विझला की पुन्हा लावायला चुलीतला निखारा नाहीतर चकमक. तिथं एक अख्खा प्रसंग मिळाला. वाऱ्यानं दिवा गेला तर आज अर्ध्या मिनिटाचा अंधार, तेव्हा घटकाभराचा. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. चोवीस मिनिटांत माणसं बरंच काही बोलू शकतात.

पिंपळपार

ताई, उशिरा वाचला धागा. तिवंध्याला आमचा वाडा आहे, निम्मा पडलाय, निम्म्यात आम्ही. दर पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस येते. माझी आत्या याच वाड्यात सून म्हणून आली (चुलत घराण्यात दिलेली, तो गुंता सोडा), आता अठ्ठ्याऐंशीची आहे. काल तिला तुमचा धागा वाचून दाखवला. चहा घेत ऐकत होती. आधी म्हणाली, "भारीच चौकशा तुझ्या बाईला." मग एक एक निघालं.

आत्याच्या म्हणण्याप्रमाणे एकांत वगैरे काही नसायचं, पण समोर सगळे असताना बोलायच्या युक्त्या असायच्या. मूल असेल तर मुलाशी बोलायचं. "बाबांना सांग, तेल संपलंय." मूल सहा महिन्यांचं असलं तरी. मूल नसेल तर मांजराशी. आमच्याकडे मांजर होतं. पुरुष अंगणात उभं राहून मोठ्यानं गड्याला सांगायचा, "उद्या त्र्यंबकला जायचंय, परवा येऊ," ते गड्यासाठी नसायचंच.

मी विचारलं, पण दोघंच? मग म्हणाली, भिंतीतला जिना.

मधल्या चौकातून माडीवर जायला भिंतीच्या पोटात जिना आहे. भिंत अडीच हात जाड, जिना एका माणसापुरता, मध्ये वळण, उजेड नाही. खालून येणारा वरून दिसत नाही. आत्या म्हणाली, "समोरासमोर आलं की एकाला मागं सरावं लागतं. आमचे हे कधी मागं सरले नाहीत. मीही नाही."

एवढं बोलून मला म्हणाली, आता पुरे, मालिका लागली.

मोडीवेडा

🙏

तांबटआळी

आमच्याही वाड्यात होता असा जिना. १९६९च्या पुरात खालच्या चार पायऱ्या गाळानं भरल्या, मग वडिलांनी बुजवूनच टाकला. आज कळलं आई इतकी का चिडली होती.

गोदाकाठची

पिंपळपार, मी हे पहाटे पावणेपाचला वाचलं आणि तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही, नुसती बसलेय.

आडावर पाठवा, गंगेवर पाठवा करत मी दोघांना सहा आठवडे घराबाहेर काढत होते. ते घरातच होतं, सगळ्यांच्या कानांपासून एका भिंतीवर. आणि वर माझा दिवा! ती दिवा घेऊन वर निघालीय, तो वरून उतरतोय, वळणावर वारा. मागं कुणी सरायचं? तो तोतया असेल तर त्याला ठाऊकच नसणार की या घरात कोण मागं सरतं. खरा असेल तर जिना त्याच्या पायाला लहानपणापासून पाठ असणार, अंधारातसुद्धा. म्हणजे तिला विचारायचीही गरज नाही. पावलं ऐकली की झालं.

मुलाचं आणि मांजराचंही घेते, आत्यांची परवानगी असेल तर.

जिना बघायला येऊ का? मोजमापं हवीत: पायऱ्या किती, वळण कितव्या पायरीला, हात कुठे टेकतो. फोटो नाही काढणार. रविवारी अकरानंतर चालेल?

पिंपळपार

या की. फक्त खालचं दार कुलपात असतं, मुलं खेळायला जातात म्हणून, किल्ली काढून ठेवतो. येताना गाडी रविवार कारंजाला लावा, आत जागा मिळणार नाही.

आत्या विचारतेय, तुमची नायिका उंचीला केवढी? सातव्या पायरीवर तुळई कपाळाला लागते.